तराफ्यावरचे दगड

घाटमाथ्यावरच्या एका जंगलात, चारही बाजूंनी खडकाने वेढलेल्या एका कुंडात, एक कासवीण राहत असे. कुंड फार मोठे नव्हते. दोन-तीन म्हशी त्यात डुंबल्या असत्या, तर चौथीला काठावरच बसावे लागले असते. खडकाच्या फटीतून एक बारीक झरा कुंडात उतरत असे, आणि पाण्याला बाहेर जायला मात्र कुठेच वाट नव्हती. कडेचे खडक भिंतीसारखे सरळ उभे होते. फक्त उगवतीकडे चटईएवढी वाळू होती, आणि त्या वाळूत कासविणीने आपली अकरा अंडी पुरून ठेवली होती.

अंडी जिथे होती तिथेच एका जांभळीचे मूळ वाळूतून बाहेर येऊन पाण्यात उतरले होते. त्या मुळाला एक गाठ होती. गाठ आणि अंड्यांचा तळ अगदी एका पातळीत. कासवीण फार हुशार नव्हती, निदान तिला स्वतःला तसे वाटे. पण एवढे तिला पक्के ठाऊक होते की पाणी गाठीला टेकले की आपली अंडी बुडणार, आणि बुडालेल्या अंड्यातून पिल्लू बाहेर येत नाही. अंडी उचलून दुसरीकडे न्यावीत, तर तेही चालण्यासारखे नव्हते. अंडे उलटेपालटे झाले की आतले पिल्लू दगावते, असे तिला तिच्या आईने बजावले होते. म्हणून दोन महिने ती त्या गाठीवरून नजर हलवत नव्हती. खाताना गाठ, पोहताना गाठ, पाठीवर ऊन घेताना गाठ. काठावरचा खेकडा तिला म्हणे, "अहो मावशी, त्या गाठीचं लग्न ठरवायचंय का तुम्हाला?" ती हसे आणि पुन्हा गाठीकडे बघू लागे.

आता त्या कुंडाची एक रीत सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. कुंडाचा कारभार एका म्हाताऱ्या बेडकाकडे होता. त्याच्या आजोबांच्या आजोबांच्या काळात म्हणे डोंगरावरून एक धोंडा घरंगळत आला आणि कुंडात पडला. पाणी वर चढले, काठाच्या खळग्यांत असलेली बेडकांची अंडी खडकावर वाहून गेली आणि उन्हात वाळली. तेव्हापासून कायदा झाला : कुंडात दगड राहता कामा नये. जो दगड पडेल तो पाणमांजरांनी बुडी मारून वर आणायचा. पण वर आणून ठेवायचा कुठे? खडक तर उभे, आणि वाळूत बहुतेक वेळा कुणाची ना कुणाची अंडी. मग कुणाच्या तरी लक्षात आले की जुन्या वादळात उन्मळून पडलेले सावरीचे तीन ओंडके वेलींत गुंतून कुंडाच्या मधोमध तरंगत आहेत. झाला तराफा. दगड आणायचे आणि तराफ्यावर रचायचे. तराफ्यावरचा दगड पाण्याबाहेर. पाण्याबाहेरच्या दगडाचा पाण्याला काय त्रास?

मुलांनो, हे वाचून तुम्हीही मान डोलावली असेल तर लाजू नका. सगळे जंगल सात पिढ्या मान डोलावत आले होते. तराफ्यावर आता शंभरावर दगड होते, आणि ओंडके पाण्यात इतके खोल गेले होते की वरचा जेमतेम वीतभर भागच दिसत असे.

त्या वर्षी पावसाळा संपून दोन महिने झाल्यावर अचानक आभाळ भरून आले आणि दोन दिवस अवकाळी पाऊस कोसळला. डोंगराची माती सैल झाली. चार मोठे दगड गडगडत आले आणि एकामागून एक कुंडात पडले. पाऊस थांबला तेव्हा पाणी आणि गाठ यांच्यात दोन बोटांहून थोडेसेच जास्त अंतर उरले होते. झराही फुगला होता. एरवी त्याचे पाणी ऊनच पिऊन टाकी. आता मात्र कुंड दिवसाला बोटभर चढत होते. आणि कासविणीने वाळूला कान लावला, तेव्हा अंड्यांच्या आतून टकटक सुरू झालेली तिला ऐकू आली. पिल्ले बाहेर यायला अजून तीन दिवस, फार तर चार.

तिने हिशेब केला. गाठीपर्यंत दोन बोटे, आणि दिवस चार. तिने पुन्हा मोजले; उत्तर तेच आले.

"घाबरू नकोस, बाई," बेडूक तिला म्हणाला. तो मनाने वाईट नव्हता. "चार दगड पडलेत ना, म्हणून पाणी चढलंय. दगड बाहेर काढले की पाणी उतरेल. रीत कशासाठी आहे मग?"

सकाळीच पाणमांजरे कामाला लागली. त्यांच्यात एक तरुण पाणमांजर होते. त्याला प्रश्न फार पडत, आणि पडलेला प्रश्न ते गिळून टाकू शकत नसे. इतर पाणमांजरे दगड छातीशी धरत, तळाला पाय रोवून वर येत आणि ओंडक्याच्या उतरत्या टोकावरून तो तराफ्यावर ढकलत. हे पाणमांजर मात्र दगड अर्धा पाण्याबाहेर काढी, पुन्हा बुडवी, पुन्हा काढी.

"काय रे," खेकड्याने विचारले, "दगडाला आंघोळ घालतोयस का?"

"एक कोडं आहे," पाणमांजर धापा टाकत म्हणाले. "पाण्यात असतो तोवर हा दगड मला सहज पेलतो. पाण्याबाहेर डोकं काढलं की तोच दगड मला खाली ओढतो. दगड तोच, मीही तोच. मग पाण्यात असताना माझ्याबरोबर अजून कोण उचलतं त्याला?"

"भूत," खेकडा म्हणाला.

"पाणी उचलतं. थोडंसंच, पण उचलतं. खालून वर ढकलतं."

"मग सांग त्यालाच, सगळे दगड तूच उचल म्हणावं. तुम्हाला सुट्टी."

पाणमांजर बोलता बोलता थबकले. त्याने तराफ्याकडे पाहिले. "अरे," ते हळूच म्हणाले, "तेच तर करतंय ना ते."

इकडे कासवीण गाठीकडे बघत होती. पहिला दगड तराफ्यावर गेला, पाणी डुचमळले, लाटा शांत झाल्या. पाण्याची रेघ खाली सरकायला हवी होती. ती वर होती. अगदी तांदळाच्या दाण्याएवढी, पण वर. आपलीच नजर थकली असेल, असे तिला वाटले. दुसरा दगड गेला. रेघ आणखी एक दाणा वर. चौथा दगड तराफ्यावर पोहोचला तेव्हा पाणी आणि गाठ यांच्यात जेमतेम दोन बोटे राहिली होती.

"काका," ती बेडकाला म्हणाली, "पाणी उतरलं नाही. चढलं."

"झरा आहे ना, बाई. झऱ्यानं चढलं असेल."

"झरा एवढ्या घाईनं चढत नाही. दगड वर गेला की चढतं. चारही वेळा."

"दगड पाण्यातून काढल्यावर पाणी चढेल कसं?" बेडकाने तिला समजावले. लहान मुलाला समजवावे तसे. "तुझी रात्रीची झोप झालेली नाही. मी सांगतो काय करायचं ते. तळाशी जुने दगड रुतलेत, गाळातले. पिढ्यान्‌पिढ्या कुणी त्यांना हात लावला नाही. आज दुपारपासून तेसुद्धा उपसू. सगळे वर घेऊ. मग बघ पाणी कसं सपाट्यानं उतरतं."

सगळ्यांना हे पटले. पाणमांजरे तर लगेच निघालीही. कासविणीने पुन्हा गाठीकडे पाहिले. चार दगडांनी रेघ एवढी चढली. तळ उपसला तर?

एवढ्यात ते तरुण पाणमांजर ओले चिंब होऊन वाळूवर आले. "थांबा. तळाच्या एकाही दगडाला हात लावू नका. उलट तराफ्यावरचे दगड पाण्यात सोडा. सगळेच्या सगळे."

 खेकडा वाकडा होऊन हसला. "घ्या. पंडित बोलले. घरात पाणी शिरलंय, अजून दोन घागरी ओता."

"पाण्यात दगड सोडायचे?" बेडकाचा गळा फुगला. "इथं त्या बाईची अंडी बुडायला आलीत, आणि तू शंभर दगड पाण्यात सोडायला सांगतोस? काही वाटतं का?"

"वाटतं म्हणूनच सांगतोय." पाणमांजराला राग पटकन येई. "आजोबा, तळाशी पडलेल्या दगडाचा भार कोण घेतं? तळाचा खडक घेतो. पाण्याला फक्त त्याच्यापुरती जागा सोडावी लागते. दगड केवढा, जागा तेवढीच. पण तोच दगड तराफ्यावर ठेवला की खाली खडक नाही. सगळा भार पाण्यावर. मग तराफा खाली दबतो, आणि दबताना दगडापेक्षा कितीतरी जास्त पाणी बाजूला सारतो. ते पाणी जाणार कुठे? वर. मावशीच्या गाठीकडे."

"शब्दांनी पाणी उतरत नाही, पोरा."

"रीतीनंही उतरत नाही."

बेडूक आता खरोखर चिडला. "तुझ्या सात पिढ्यांनी हे दगड वाहिले. ते सगळे मूर्ख, आणि तू काल जन्मलेला शहाणा?"

पाणमांजराच्या जिभेवर काहीतरी फार तिखट उत्तर आले होते. ते त्याने दिले असते, तर आपली गोष्ट इथेच भांडणात बुडाली असती. पण मध्येच कासवीण म्हणाली, "बाळ, मला दाखवता येईल का तुला? बोलून नको. डोळ्यांनी दिसेल असं."

 पाणमांजराने इकडेतिकडे पाहिले. वाळूच्या कडेला खडकात परातीएवढा एक खळगा होता, पावसाच्या पाण्याने भरलेला. जवळच फुटलेल्या बेलफळाची अर्धी करवंटी पडली होती. त्याने करवंटी खळग्यात तरंगत सोडली आणि तिच्यात एक एक करून सात खडे ठेवले. करवंटी खाली दबली, पण बुडाली नाही. मग पाणी जिथे टेकले होते, तिथे खडकावरच्या शेवाळात त्याने नखाने रेघ ओढली.

"हे आपलं कुंड. हा तराफा. हे दगड. आता बघा." त्याने ते सातही खडे करवंटीतून काढले आणि अलगद पाण्यात सोडले. खडे तळाला गेले. करवंटी टुणकन वर आली.

सगळे खळग्यावर वाकले. पाणी रेघेच्या खाली होते.

"उन्हानं आटलं," बेडूक म्हणाला.

"इतक्यात?" खेकडा म्हणाला. तो थट्टेखोर होता, पण खोटारडा नव्हता.

कासवीण बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाळ, आता खडे परत करवंटीत ठेव."

पाणमांजराने ठेवले. पाणी वर आले आणि बरोबर रेघेला टेकून थांबले.

"आटलेलं पाणी परत येतं का, काका?" कासविणीने विचारले.

 बेडकाने एकदा खळग्याकडे पाहिले, एकदा कुंडाकडे. मग तो म्हणाला, "खळगा तो खळगा. कुंड ते कुंड. इथं चुकलं तर सात खडे ओले होतील. तिथं चुकलं तर अकरा अंडी जातील. ती कुणाची आहेत? माझी नाहीत, याचीही नाहीत. बाई, तूच सांग. तळ उपसायचा, की दगड सोडायचे?"

हे मात्र तो खरे बोलला होता. सगळे कासविणीकडे बघू लागले.

कासविणीला वाटले, आपण आपले डोके पाठीच्या ढालीखाली ओढून घ्यावे आणि कुणीतरी दुसऱ्याने ठरवावे. बेडूक म्हातारा होता, त्याने पुष्कळ पावसाळे पाहिले होते. पाणमांजर तरुण होते, उतावळे होते, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे केले तर आयुष्यभर जे करू नये म्हणून शिकवले गेले, नेमके तेच करावे लागणार होते. पण सकाळपासून ती रेघ चार वेळा चढलेली तिने स्वतः पाहिली होती. ती कुणी तिला सांगितलेली नव्हती.

"एक दगड," ती म्हणाली. "सगळ्यात मोठा. पलीकडच्या बाजूनं, अगदी हळू. मग थांबायचं. पाणी स्थिर झाल्यावर मी सांगेन तोवर दुसऱ्याला कुणी हात लावायचा नाही."

पाणमांजराला शंभरही एकदम लोटायचे होते. त्याने तोंड उघडले, पण कासविणीने नुसते त्याच्याकडे पाहिले आणि त्याने ते मिटले.

चार पाणमांजरांनी मिळून तो दगड तराफ्याच्या कडेला आणला आणि हलकेच सोडला. कितीही हलकेच सोडला तरी दगडच तो. पाण्याचा गोल उठला आणि पसरत पसरत वाळूकडे आला. लाट मुळावर चढली. गाठ ओली झाली.

"पाहिलंत?" बेडूक म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. तोही घाबरला होता.

"लाट आहे," पाणमांजर म्हणाले. पण खळग्यात लाट आली नव्हती. खळग्यात कुणाची अंडीही नव्हती.

 कासवीण मुळाला नाक लावून बसली. लाट गेली, परत आली, पुन्हा गेली. प्रत्येक वेळी गाठीच्या थोडी खालीच राहू लागली. मग पाणी नुसते थरथरले. मग तेही थांबले. एक निवळी, पाण्यावर पळणारा लांब पायांचा किडा, कुंडावरून सरकत गेली, एवढेच.

कासविणीने आधी बघून ठेवलेली जागा शोधली. मुळाच्या सालीवर एक पांढरा ठिपका होता, सकाळी चौथ्या दगडानंतर पाणी बरोबर त्याला टेकले होते. आता ठिपका उघडा होता. पाणी त्याच्या खाली, तांदळाच्या दोन दाण्यांएवढे.

"उतरलं," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितले, "काका, उतरलं."

बेडूक उड्या मारत आला. त्याने ठिपका पाहिला, पाणी पाहिले, डोळे मिचकावले आणि पुन्हा पाहिले. मग तो बाजूला झाला आणि म्हणाला, "दुसरा सोडा."

दुपार कशी गेली कुणालाच कळले नाही. पाणमांजरे दगड सोडत होती आणि प्रत्येक दहा दगडांनंतर कासवीण पाणी निवळू देऊन रेघ बघत होती. एक बोट उतरले. दीड बोट. दोन. दगड कमी होत गेले तसा तराफा वर वर येऊ लागला, आणि इतकी वर्षे पाण्याखाली असलेले त्याचे हिरवेगार शेवाळलेले पोट उन्हात दिसू लागले. "बिचाऱ्याला किती दिवसांनी श्वास घेता आला बघा," खेकडा म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. शेवटचे पाच-सहा दगड उरले तेव्हा बेडूक पोहत तराफ्यावर गेला. त्याच्या अंगात बळ ते किती; पण सगळ्यात लहान दगडाला त्याने पाठ लावली आणि पाय ताणून तो पाण्यात लोटला.

ऊन कलायच्या आत तराफा रिकामा झाला. गाठीपासून पाण्यापर्यंत आता पाच बोटे होती.

झरा थांबला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाच बोटांची चार झाली, तिसऱ्या दिवशी तीन, चौथ्या दिवशी दोन. कासवीण गाठ सोडून हलली नाही, पण आता ती पुन्हा पुन्हा मोजत नव्हती. दोन बोटे म्हणजे किती, हे तिला आता पुरते ठाऊक होते. चौथ्या दिवशी सकाळी वाळू हलली. वाळूतून एक इवलेसे नाक बाहेर आले, मग एक पाय, मग पाठीवर वाळूचे कण घेतलेले अख्खे पिल्लू. त्याच्यामागून दुसरे. कासविणीने मोजले. नऊ झाली, दहा झाली, आणि मग बराच वेळ काहीच नाही.  मग अकरावे आले. सगळ्यांत लहान, आणि आल्या आल्या ते चुकीच्या दिशेने खडकाकडे निघाले.

"हे तुझ्यावर गेलंय," खेकडा पाणमांजराला म्हणाला. "सगळे जातात तिकडे जायचं नाही."

पाणमांजर मोठ्याने हसले आणि त्याने पिल्लाला नाकाने अलगद पाण्याकडे वळवले. कासवीण हसली नाही. तिने डोके वाळूवर टेकवले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच डोळे मिटले.

बेडूक मात्र काठावर बसून होता. शेवटी त्याने पाणमांजराला विचारले, "म्हणजे आमचे आजोबा खोटं बोलले?"

तीन दिवसांपूर्वी पाणमांजराने पटकन "हो" म्हटले असते. आता ते थोडे थांबले. "नाही, आजोबा. धोंडा पडला आणि पाणी चढलं, हे त्यांनी पाहिलेलं अगदी खरं होतं. दगड पडला की पाणी चढतंच. पण तोच दगड तराफ्यावर ठेवल्यावर काय होतं, ते कुणी पाहिलं नाही. ते नुसतं मानलं."

"पण पाहिलं कसं नाही? मी तर जन्मभर या पाण्यात आहे. दिवसभर तरंगत असतो."

कासविणीने एक डोळा उघडला. "तरंगता म्हणूनच दिसलं नाही, काका. पाणी चढलं की तुम्हीही त्याच्याबरोबर वर जात होता."

 बेडूक उठला, पाणमांजराला बरोबर घेऊन उभ्या खडकापाशी गेला, आणि पाणी जिथे टेकले होते तिथे त्याने त्याच्याकडून नखाने एक ठसठशीत रेघ मारून घेतली. त्या दिवसापासून कुंडात नवी रीत सुरू झाली. दगड पडला की आधी रेघ बघायची. वाळू मोकळी असेल तर दगड थेट वाळूवर काढायचा, कारण खरोखर पाण्याबाहेर गेलेल्या दगडाचा पाण्याला काहीच त्रास नसतो. वाळूत कुणाची अंडी असतील तर दगड तळाशी आहे तिथेच राहू द्यायचा. तराफ्यावर आता फक्त कासवाची पिल्ले ऊन खात बसतात. अकरा पिल्लांनी तराफा किती दबतो, तेही पाणमांजराने मोजून ठेवले आहे.

आणि मुलांनो, हे सगळे खरे कशावरून, असे कुणी म्हणत असेल तर फार चांगले. घरात एक टोप घ्या, अर्धा पाण्याने भरा, त्यात वाटी तरंगत सोडा, वाटीत दगड ठेवा आणि टोपावर खडूने रेघ मारा. मग दगड वाटीतून काढून पाण्यात सोडा. पाणी कुठे आले ते मला विचारू नका. जाऊन बघा.

तात्पर्य : मोठ्यांनी जे पाहिले ते ऐकावे, पण जे नुसते मानले ते रेघ मारून तपासावे. भांडून पाणी उतरत नाही. जी शांतपणे रेघेकडे बघत बसते, तिचीच पिल्ले वाचतात.